माशीच्या मेंदूतले निरोप

काचेच्या नळीत वीस-पंचवीस फळमाश्या भरा आणि ती नळी ३० अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात धरा. साध्या माश्यांना त्याचं काही वाटत नाही. एवढी ऊब त्यांच्या सवयीची असते. पण त्या माश्या ‘शिबिरे’ वाणाच्या असतील, तर मिनिट-दोन मिनिटांत एकेक कोलमडते आणि नळीच्या तळाशी निपचित पडते. नळी बाहेर काढून २२ अंशांवर आणली की थोड्याच वेळात त्याच माश्या उठतात, पाय एकमेकांवर घासतात आणि काचेवरून चढू लागतात. पुन्हा तापवा, पुन्हा पडतील. या माशीत आणि साध्या माशीत फरक आहे तो एका जनुकाचा, आणि त्या जनुकातल्या एका बारीक बदलाचा. (नाव जपानी आहे, बधीर होण्यावरून दिलेलं.)

ही माशी १९७३ मध्ये जगासमोर आली. ती का पडते याचं उत्तर रेणूपर्यंत पोहोचायला १९९१ साल उजाडलं. मधल्या अठरा वर्षांत, एका चेतापेशीकडून दुसऱ्या पेशीकडे निरोप कसा जातो याबद्दलची समज पार बदलली आणि त्यात या पडणाऱ्या माशीचा मोठा वाटा होता. हे पुस्तक अशाच बिघडलेल्या माश्यांबद्दल आहे, आणि त्यांनी चेतासंस्थेतल्या संदेशवहनाबद्दल आपल्याला जे शिकवलं त्याबद्दल.

आधी माशीची ओळख नीट करून घेऊ. आंब्याचा आणि पेरूचा बागायतदार जिच्या नावानं हवालदिल होतो, जिच्यासाठी झाडाला सापळे टांगतो, ती फळमाशी ही नव्हे. ती बॅक्ट्रोसेरा. आपली माशी म्हणजे टोपलीतलं केळं जरा जास्त पिकलं की त्याभोवती घोंगावणारं, लाल डोळ्यांचं, जेमतेम तीन मिलिमीटरचं चिलट: ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. तिला फळापेक्षा फळावर वाढणारं यीस्ट हवं असतं. २५ अंशांवर अंडं, अळी, कोष आणि माशी हा सगळा प्रवास साधारण दहा दिवसांत उरकतो. मादी शेकडो अंडी घालते. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून बाटलीत ओतलं की तिच्या घरदाराची सोय झाली. गुणसूत्रांच्या अवघ्या चार जोड्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये दुधाच्या बाटल्यांत वाढवलेल्या माश्यांमध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक नर दिसला आणि त्यातून जनुकं गुणसूत्रांवर असतात हे प्रस्थापित होत गेलं. ही हकिकत पाठ्यपुस्तकांतही येते, म्हणून इथे लांबवत नाही.

माशी चेतासंस्थेच्या अभ्यासाकडे वळली ती मुख्यतः सीमोर बेंझर यांच्यामुळे. बेंझर मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंवर काम करून त्यांनी जनुकाच्या आतली रचना उलगडली होती. मग कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये ते माशीच्या वागणुकीकडे वळले. त्या विषयावरचा त्यांचा पहिला निबंध १९६७ चा. त्यांचा प्रश्न सरळ होता: एका जनुकात बिघाड केला तर वागणुकीत ओळखता येईल असा बिघाड होतो का? नरांना उत्परिवर्तन घडवणारं रसायन खाऊ घालायचं आणि त्यांच्या हजारो वंशजांतून वेगळं वागणाऱ्या माश्या निवडायच्या. उजेडाकडे न जाणारी. दिवसरात्रीचं भान हरवलेली. विशिष्ट वासाबरोबर विजेचा झटका बसतो हे कितीदा अनुभवूनही न शिकणारी. मग शोधायचं, हिच्यात नेमकं मोडलं आहे काय.

मला या क्रमाचं फार मोल वाटतं. आधी वागणूक, मग बिघाडाची जागा, आणि रेणू अगदी शेवटी. मेंदूत कोणकोणते रेणू आहेत ते आधी मोजून त्यातले महत्त्वाचे कोणते हे ठरवायचं, असा दुसरा रस्ताही आहे आणि त्यानंही बरंच मिळालं आहे. पण त्या रस्त्यावर संशोधकाला सुरुवातीलाच अंदाज बांधावा लागतो. माशीच्या रस्त्यावर कोणतं जनुक सापडेल हे माशी ठरवते. म्हणून इथे अशी प्रथिनं हाती लागली, जी शोधायला कुणी निघालंच नसतं. या पुस्तकातल्या बहुतेक गोष्टी याच क्रमानं घडल्या. वाचताना तो मनात ठेवावा, ही विनंती.

आता शिबिरेकडे वळतो. कॅनडात, व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात डेव्हिड सुझुकी आणि त्यांचे सहकारी तापमानाला बिचकणारी उत्परिवर्तनं शोधत होते. जगण्याला अत्यावश्यक असलेलं जनुक पूर्ण मोडलं तर माशी मोठी व्हायच्या आधीच मरते आणि तिच्याकडून काही शिकता येत नाही. त्याऐवजी थंडाव्यात नीट चालणारं आणि उष्णतेत बंद पडणारं प्रथिन मिळालं, तर माशी सुखानं वाढवता येते आणि हवं तेव्हा तिच्यातला तेवढा एक भाग थांबवता येतो. १९७१ मध्ये त्यांना ‘पॅरालिटिक’ मिळाली, दोन वर्षांनी शिबिरे. पॅरालिटिकमधलं बिघडलेलं प्रथिन पुढे सोडियमची वाहिनी निघालं. चेतातंतूतून धावणारी विजेची लहर तिच्यावरच चालते. शिबिरेचं कोडं त्याहून अवघड होतं.

इथे या कथेत मुंबई येते. होमी भाभांच्या निमंत्रणावरून १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा करणारे ओबेद सिद्दिकी सत्तरच्या दशकात कॅलटेकला गेले आणि बेंझर यांच्याबरोबर याच लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर काम करू लागले. माशी तापवत असताना तिच्या उडण्याच्या स्नायूंमधल्या विद्युत्-नोंदी घ्यायच्या आणि निरोप कुठे अडतो ते पाहायचं, असं ते काम. १९७६ मध्ये दोघांचा निबंध आला. त्यात ‘कोमॅटोज’ ही तिसरी माशीही होती. सिद्दिकी मुंबईला परतले आणि कुलाब्याच्या त्या संस्थेत माशीच्या चेतासंस्थेवर काम करणारा गट वाढू लागला. मूळच्या गोव्याच्या कुटुंबात, केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज पीएच.डी.साठी तिथेच आल्या. वास आणि चव न कळणाऱ्या माश्या शोधून त्या दोन इंद्रियांचा जनुकीय अभ्यास कसा करता येतो, हे त्यांनी आणि सिद्दिकींनी १९७८ मध्ये मांडलं. वासाचं विज्ञान पुढे जगभर कुठल्या कुठे गेलं. पण त्याच्या पहिल्या पायऱ्यांपैकी काही मुंबईत घातल्या गेल्या, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं.

शिबिरेत अडत काय होतं, हे समजायला निरोपाची रीत पाहायला हवी. चेतापेशीच्या आत निरोप विजेचा असतो. टोकाशी पोहोचला की पुढच्या पेशीपर्यंत एक फट असते, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या एक-दोन पट रुंदीची. ती फट रसायन ओलांडतं. हे रसायन टोकाशी इवल्या इवल्या पिशव्यांमध्ये भरून ठेवलेलं असतं. विजेची लहर आली की कॅल्शियम आत शिरतं, काही पिशव्या पेशीपटलाला चिकटून फुटतात, रसायन फटीत सांडतं आणि पलीकडच्या पेशीवरचे ग्राही ते पकडतात. इथवरचं गणित १९७० च्या सुमाराला बरंचसं माहीत होतं. प्रश्न होता पिशव्यांचा. चेतापेशीचं टोक तिच्या मुख्य देहापासून लांब असतं. एका पाठोपाठ एक निरोप जात राहिले, तर नव्या पिशव्या तिथे येणार कुठून? १९७३ मध्येच जॉन ह्यूझर आणि टॉमस रीस यांनी बेडकाच्या स्नायूवर काम करून उत्तर सुचवलं: फुटलेल्या पिशवीचं पटल पुन्हा आत ओढून त्याच जागी तिच्यातून नवी पिशवी घडवली जाते. मुंबईत आरे दुधाच्या काचेच्या बाटल्यांचं असंच होतं. रिकामी बाटली केंद्रावर दिली तरच भरलेली हाती यायची. रिकाम्या परत येणंच थांबलं, तर डेअरीत दूध असूनही वाटप थांबणार.

शिबिरेत थांबतं ते हेच परत येणं. १९८३ मध्ये कोसाका आणि इकेडा यांनी तापवलेल्या शिबिरे माशीच्या चेतातंतूंची टोकं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पिशव्या जवळजवळ संपल्या होत्या. पेशीपटलावर मात्र आत वळू लागलेल्या खळग्यांची गर्दी होती आणि खळग्यांच्या मानेशी गडद कडं दिसत होतं. पिशवी घडायला सुरुवात झाली होती, पण मान कापली जात नव्हती. मान कापणारं प्रथिन कोणतं, हे १९९१ मध्ये जनुक हाती आल्यावर कळलं: डायनॅमिन. गंमत अशी की हे प्रथिन दोन वर्षांपूर्वी गाईच्या मेंदूतून वेगळं केलं गेलं होतं. मात्र ते पेशीतल्या सूक्ष्मनलिकांशी संबंधित असावं असं तेव्हा समजलं जात होतं. त्याचं खरं काम व्हँकूव्हरच्या माशीनं सांगितलं. आज आपण जाणतो की माणसाच्या डायनॅमिन जनुकांमधले बिघाड लहान मुलांमध्ये अपस्माराचे काही कठीण प्रकार आणि काही स्नायुरोग घडवतात.

डायनॅमिन जीटीपी नावाच्या रेणूतली ऊर्जा वापरतं. ती त्याला जागच्या जागी पुरवतं कोण? टाटा संस्थेतले के. एस. कृष्णन आणि अमेरिकेतले मणि रामस्वामी यांच्या गटांनी २००१ मध्ये दाखवलं की जीटीपी बनवणाऱ्या एका विकराचा यात थेट हात आहे; त्या विकराचं जनुक अधू असलं की शिबिरेचा बिघाड आणखी वाढतो. माश्यांच्या शास्त्रात ही रीत वारंवार दिसेल. एक मोडकी माशी घ्यायची आणि तिचं दुखणं वाढवणारं किंवा कमी करणारं दुसरं जनुक शोधायचं. साखळीतल्या कड्या अशा एकेक करून हाती येतात.

याच रीतीचं सर्वांत देखणं उदाहरण माशीच्या डोळ्यात आहे, आणि त्यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे. माशीचा एक डोळा म्हणजे सुमारे साडेसातशे नेत्रिका, आणि प्रत्येकीत प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी. सातव्या क्रमांकाची पेशी अतिनील प्रकाश टिपते. साध्या माशीला अतिनील आणि हिरवा असे दोन दिवे दाखवले, तर ती अतिनीलकडे धाव घेते. बेंझर यांच्या प्रयोगशाळेत एक वाण मिळाला जो हिरव्याकडे जायचा. डोळे कापून पाहिले तर प्रत्येक नेत्रिकेत सातवी पेशी गायब. नाव पडलं ‘सेव्हनलेस’. १९८७ मध्ये त्याचं जनुक वाचलं गेलं आणि ते पेशीपटलावरच्या एका ग्राहीचं निघालं. आठवी पेशी आपल्या पृष्ठभागावर एक प्रथिन मिरवते. शेजारची होतकरू पेशी सेव्हनलेस ग्राहीनं ते पकडते आणि हा निरोप मिळाला तरच सातवी होते. नाही मिळाला, तर ती भिंग बनवणारी पेशी होऊन बसते. चेतापेशी व्हायचं की नाही, हे शेजारणीच्या एका स्पर्शावर ठरतं!

पण निरोप ग्राहीपासून पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो कसा? बर्कलीत जेराल्ड रुबिन यांच्या गटानं ग्राही थोडासाच अधू केला, इतका की सातवी पेशी जेमतेम घडावी. अशा काठावरच्या माशीत साखळीतल्या दुसऱ्या कुठल्याही जनुकाची एक प्रत जरी कमी झाली तरी पेशी नाहीशी होते. या युक्तीनं १९९१ मध्ये त्यांच्या हाती लागलेल्या जनुकांत रास होतं आणि रासला चेतवणारं ‘सन ऑफ सेव्हनलेस’ होतं. रास हे माणसाच्या कर्करोगांमध्ये वारंवार बिघडलेलं आढळणारं जनुक. ते कोणाकडून निरोप घेतं, हा प्रश्न कर्करोगाच्या प्रयोगशाळांना छळत होता, आणि त्याच्या उत्तराचा महत्त्वाचा तुकडा माशीच्या डोळ्यातल्या एका हरवलेल्या पेशीतून आला. सन ऑफ सेव्हनलेसचं मानवी रूप बिघडलं की नूनन सिंड्रोम हा जन्मजात विकार होऊ शकतो. माशीच्या अभ्यासाला सार्वजनिक पैसा कशाला, असं विचारणाऱ्याला मी हे उदाहरण शांतपणे, पूर्ण सांगतो.

याच डोळ्यातून आणखी एक धागा निघाला. १९६९ मध्ये एडिंबरात कोझेन्स आणि मॅनिंग यांना प्रखर उजेड टिकून राहिला की आंधळी होणारी माशी मिळाली. तिचं जनुक, ‘ट्रिप’ (टीआरपी), १९८९ मध्ये सापडलं. कॅल्शियम आत सोडणारी ती वाहिनी होती. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीचा तिखटपणा ओळखणारा संवेदनेचा रेणू शोधला, तो याच कुळातला. त्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. लवंगी मिरचीनं डोळ्यांत पाणी येतं त्यामागचा रेणू आणि माशीला दिसतं त्यामागचा रेणू सख्खे नातलग आहेत.

सगळे निरोप पुढच्याच दिशेनं जात नाहीत. माशीची अळी चार-पाच दिवसांत कित्येक पटींनी वाढते. तिचे स्नायू फुगत जातात आणि त्यांना हलवणारी चेतापेशीची टोकंही त्याच प्रमाणात फांद्या फोडत जातात, नाहीतर वाढलेला स्नायू तिच्यानं हलणार नाही. टोकाला हे कळतं कसं? अळी पाठीकडून चिरून मेणाच्या तबकडीवर पसरली की पोटाकडचे स्नायू आणि त्यांवरची टोकं एका नजरेत मोजता येतात. अशा मोजण्यांतून २००२-०३ च्या सुमारास उत्तर मिळालं. स्नायू ‘ग्लास बॉटम बोट’ नावाचं प्रथिन स्रवतो, चेतापेशी ते ‘विशफुल थिंकिंग’ नावाच्या ग्राहीनं पकडते आणि वाढते. हा रेणू आपल्या शरीरात हाडं घडवणाऱ्या निरोपांच्या घराण्यातला आहे. जनुकांची ही विचित्र नावं पुस्तकभर भेटतील. ती जशीच्या तशी देवनागरीत ठेवली आहेत, कारण जगभरचे माशीवाले याच नावांनी बोलतात.

माशी म्हणजे छोटा माणूस, असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. आपल्या स्नायूला चेतापेशी ॲसिटिलकोलिननं निरोप देते आणि मेंदूत मुख्य उत्तेजक रसायन ग्लुटामेट असतं. माशीत हे नेमकं उलट आहे: स्नायूला ग्लुटामेट, मेंदूत ॲसिटिलकोलिन. म्हणून माशीत जे दिसलं ते उंदरात, मग माणसाच्या पेशींत पडताळावं लागतं आणि काही वेळा ते जुळत नाही. पिशव्या भरण्याची, फोडण्याची आणि परत घडवण्याची यंत्रणा मात्र दोघांत थक्क करणाऱ्या बारकाव्यानं सारखी आहे. मानवी आजारांशी निगडित जनुकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांचे जोडीदार माशीत सापडतात. पुण्यात आयसर आणि आघारकर संशोधन संस्थेत माशीवर काम करणारे गट आहेत. एएलएस या स्नायू क्षीण करत नेणाऱ्या आजाराचा एक आनुवंशिक प्रकार ज्या ‘व्हॅप’ प्रथिनातल्या बिघाडानं होतो, त्याचा अभ्यास तिथे माशीत चालतो. या प्रथिनाचा एक तुकडा पेशीबाहेर स्रवतो आणि स्वतःच निरोप म्हणून काम करतो, हेही माशी आणि कृमी यांच्यावरच्या प्रयोगांतून पुढे आलं.

गेल्या तीस वर्षांत साधनं बदलली. १९९३ मध्ये अँड्रिया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरिमन यांनी यीस्टचं एक जनुक वापरून, हव्या त्या पेशीसमूहात हवं ते जनुक चालू करण्याची युक्ती दिली. २००१ मध्ये तोशिहिरो कितामोतो यांनी शिबिरेचं बिघडलेलं जनुक या युक्तीला जोडलं. त्यामुळे सगळी माशी लुळी न पाडता मेंदूतल्या निवडक पेशींचेच निरोप थोडा वेळ थांबवता येऊ लागले. त्याच वर्षी दोन गटांनी स्मृतीवर हा प्रयोग केला. मेंदूतल्या छत्रीच्या आकाराच्या एका भागातल्या पेशींचे निरोप माशी शिकत असताना थांबवले, तर स्मृती शाबूत राहिली. आठवण्याच्या वेळी थांबवले, तर ती आठवेना. शिकणं आणि आठवणं यांना वेगवेगळे निरोप लागतात, हे असं उघड्या डोळ्यांनी दिसलं.

आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रौढ मादी माशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला: १,३९,२५५ चेतापेशी, पाच कोटींहून अधिक जोडण्या. हे काम अफाट आहे, आणि ते पाहून काहींना वाटलं की आता माशीचा मेंदू कळलाच. मला तसं वाटत नाही. या नकाशात दोन पेशींना थेट जोडणाऱ्या विद्युत्-जोडण्या उमटलेल्या नाहीत. शिवाय कितीतरी निरोप तारांवरून जातच नाहीत. न्यूरोपेप्टाइडं पेशीतून झिरपतात आणि आसपासच्या अनेक पेशींचा कल बदलतात. उपाशी माशीचंच पाहा. पोट रिकामं झालं की तिच्या शरीरातला इन्शुलिनचा निरोप उतरतो, त्यामुळे शृंगिकेतल्या वासाच्या काही पेशींवर एका छोट्या न्यूरोपेप्टाइडचे ग्राही वाढतात आणि अन्नाच्या वासाचा निरोप मेंदूकडे अधिक जोरानं जातो. जेवलेल्या माशीत त्याच पेशी असतात, त्याच जोडण्या असतात, नकाशा तोच असतो. पण केळ्याचा वास तिला तितका ओढत नाही. माशीच्या मेंदूत अशी डझनावारी पेप्टाइडं आहेत. त्यांतलं कोणतं केव्हा, कुठल्या पेशीवर, किती वेळ काम करतं, हे अजून बहुतांशी उलगडायचं आहे, आणि पुस्तकाची शेवटची तीन प्रकरणं त्या चालू कामाची आहेत.